वाट्याला आलेली आगगाडी

अमरावतीच्या राजापेठेत शकुनबाईच्या तोंडाला लागायची कोणाची छाती होत नाही. भाजीवाला तिच्या दाराशी यायच्या आधीच किडकी वांगी टोपलीच्या तळाला सारतो. नवरा गेला तेव्हा दीर मंडळी घराच्या जागेची गोष्ट काढायला आली होती. तिने त्यांना चहा पाजला, चिवडा खाऊ घातला आणि मग असं काही झाडलं की ती माणसं पुन्हा त्या गल्लीत फिरकली नाहीत. सून रागिणी तिला वचकून असते, पण तिला जीवही लावते, कारण सासू जे बोलायचं ते तोंडावर बोलते आणि बोलून झालं की विसरते.

आणि हीच बाई माहेरच्या उंबऱ्याशी पोचली की मुकी व्हायची. तिथे थोरला भाऊ होता, खुशालराव. तो म्हणेल ते खरं, तो वाढेल ते ताटात. "सासरी वाघ अन् माहेरी शेळी," असं ती स्वतःच हसत सांगायची. हसण्यासारखं त्यात फार काही नव्हतं.

माहेर मूर्तिजापूरजवळचं. वावराच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागूनच छोट्या आगगाडीचा रूळ होता. ती गाडी इतकी सावकाश जायची की माणूस उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचा, असं सगळे सांगतात, आणि त्यातलं अर्धं खरं आहे. शकुनचे वडील नत्थुजी, घरातले आबा, त्या गाडीचे वेडे. गाडी दिसली की त्यांचं औत थांबायचं. उन्हाळ्यात वावरात काम नसलं की ते ओसरीवर पत्रा कापत बसायचे. वनस्पती तुपाचे डबे, मोडक्या सायकलीच्या तारा आणि कोणाच्या तरी भिंतीवरच्या बंद घड्याळाची स्प्रिंग, एवढ्या सामानातून त्यांनी चावीची आगगाडी केली. पुढे इंजिन, मागे तीन डबे. रंग दिला तो पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो, कारण घरात तोच होता. डब्यांच्या खिडक्यांत काडीच्या टोकाने माणसं काढली, आणि इंजिनाच्या खिडकीत स्वतःला बसवलं. पांढरं मुंडासं, डोळ्यांचे दोन ठिपके, खाली मिशीची एक रेघ. ज्याने आबांना पाहिलं होतं तो बघताच म्हणायचा, हे तर आबाच. फोटोत ते कधी तसे आले नाहीत. फोटो काढताना ते श्वास धरून बसायचे.

भादव्यात घरी महालक्ष्म्या बसत. जेवणाच्या दिवशी नैवेद्य झाला, पंगती उठल्या की ही गाडी दोघी महालक्ष्म्यांच्या भोवती फिरायची. डब्यांत विडे ठेवलेले असायचे आणि माणसं चालत्या गाडीतून विडा उचलायची. कोणाचा हात चुकला की सगळी ओसरी हसायची. आसपासच्या गावांतून लोक तेवढ्यासाठी येत.

आबा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि खुशालरावाने बहिणीला कचेरीत नेऊन हक्कसोडीवर सही घेतली. यात त्याने काही जगावेगळं केलं असं नाही. बहीण भावाकडे वावर मागत नाही. मागितलं तर माहेर तुटतं. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक लेकीला ते माहीत असतं. सही करून बाहेर आल्यावर त्याने विचारलं होतं, "तुले काही पायजे का?" आणि ती म्हणाली होती, "मले आबाची गाडी पुरे." राजापेठेतल्या बाया म्हणाल्या, भावानं आवळा देऊन कोहळा काढला. शकुन त्यांच्यावर अशी तुटून पडली की तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

तेव्हापासून दरवर्षी पोळा झाला की भावाचा फोन येतो. "महालक्ष्म्या बसून राहिल्या. गाडी घेऊन येजो." झालं बोलणं. 'तू येजो' असं तो एकदाही म्हणाला नाही. आबा असताना तो बहिणीला घ्यायला अमरावतीपर्यंत यायचा, तेही बंद झालं. शकुन गाडीची पेटी मांडीवर घेऊन एकटी जायची, गाडी चालवायची, उष्टी-खरकटी आवरायची आणि परत यायची. आत कुठेतरी कुसळ सलायचं. बोलावणं मला आहे, का गाडीला? ते उकरून पाहायची तिची हिंमत नव्हती. उकरलं आणि गाडीलाच निघालं, तर मग उरलं काय?

यंदा श्रावणात तिने पेटी उघडून चावी दिली, तर चावी जागची हलेना. जोर लावला. कर्र असा आवाज आला आणि ती घाबरून थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिने गाडी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि घरात कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पोळा झाला. फोन आला.

"महालक्ष्म्या बसून राहिल्या. गाडी बरी आहे ना? यंदा तुह्या वयनीच्या माहेरचे लोकं गाडी पाह्यले येऊन राहिले."

"एकदम टकाटक," शकुन म्हणाली.

फोन ठेवला आणि तिने पेटी काढून पुन्हा चावीला हात घातला. रागिणीने पाहिलं. मग मूठ उघडावीच लागली. अमरावतीतल्या एका घड्याळवाल्याने गाडी हातातही घेतली नाही. दुसरा म्हणाला, बाजारात बॅटरीच्या गाड्या पडल्या आहेत ढिगानं, एखादी घ्या. त्याला शकुनने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आई, एक बोलू का?" रागिणी म्हणाली. "नाई चालली तं नाई चालली. तुमी तं जानारच ना?"

शकुन पेटीचं झाकण लावून उठली. अमरावतीत असताना तिला उत्तर सुचलं नाही, असं रागिणी पहिल्यांदाच पाहत होती. मग रागिणीनेच आपल्या माहेरच्या गावातला, अकोल्यातला, पत्ता काढला. जुन्या बाजारात शेखर नावाचा माणूस होता, चावीची घड्याळं दुरुस्त करणारा. पण तो परगावी गेलेला होता आणि परतला तो थेट महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी.

त्याच दिवशी शकुन पेटी घेऊन एकटीच रेल्वेने निघाली. अमरावतीशेजारच्या बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना मूर्तिजापूर लागतंच. गाडी तिथे थांबली तेव्हा शकुनने डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढला. गावचा कोणी चढला आणि म्हणाला, अवो शकुनबाई, उतरत काहून नाई, तर काय सांगणार होती? माहेरच्या स्टेशनावर चोरासारखं तोंड लपवून बसायची पाळी आली, याचा तिला भयंकर संताप आला. कोणावर, ते मात्र तिला ठरवता येईना.

शेखर चाळिशीचा, गप्पिष्ट माणूस होता. "या मावशी, बसा," म्हणत त्याने गाडी टेबलावर घेतली, चहूबाजूंनी फिरवली आणि आबांच्या चित्राशी आल्यावर हसला. "हे ड्रायव्हरसाहेब कोन?"

"माहे आबा."

तो हसायचा थांबला. इंजिन उलटं करून त्याने तळाचे स्क्रू सोडवले. पत्रा निघाला आणि जुनाट, खवट वास दुकानभर पसरला. आत चाकं दिसतच नव्हती. लालसर काळा, दगडासारखा घट्ट झालेला लगदा सगळीकडे भरला होता. त्यात तांदळाचे दाणे होते, मेलेल्या मुंग्या होत्या.

"हे काय भरलं मावशी तुमी याच्यात?"

शकुन पाहतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं. आबांनी सांगितलं होतं, दरसाल चाकांना मशीनचं तेल देत जा. पण गाडी फिरणार महालक्ष्म्यांच्या भोवती. तिच्यात नैवेद्याचे विडे. मशीनचं ते घाणेरडं तेल तिथे कसं चालेल? म्हणून शकुन दरवर्षी, अंघोळ करून, सोवळ्याने, घरचं साजूक तूप पातळ करून चाकांत सोडायची. वरून हळद, कुंकू, अक्षता. आपल्याला सुचलेल्या या गोष्टीचा तिला अभिमानसुद्धा होता.

"तूप?" शेखर म्हणाला. "अवो, तूप खायचं असते."

"आमच्याकडं देवीसमोर मशीनचं तेल नाई चालत," ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. आबांच्या गाडीचा गळा तिने आपल्याच हाताने दाबला होता, दरवर्षी थोडा थोडा, मनोभावे. तिला रडू आलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शेखरने भिंगातून पाहिलं. टोकदार हत्याराने थोडं खरवडलं. मग मान वर करून म्हणाला, "मशीन मेलं नाही. स्प्रिंग शाबूत आहे. नुसतं चिकटलं आहे."

"मंग होते ना दुरुस्त?"

"होते. पण याले पूर्ण रॉकेलमध्ये बुडवून ठेवा लागीन. तुमच्या आबांनी सगळं एकत्र झाळलं आहे, डाग देऊन जोडलं आहे, मशीन येगळं काढताच येत नाही. काढाले गेलो तं पत्रा फाटते, कागदासारखा झाला आहे. अन् बुडवलं तं..." त्याने बोळा रॉकेलमध्ये भिजवून चाकाजवळच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवला आणि तिच्यासमोर धरला. बोळा हिरवा झाला होता. "हा रंग टिकनार नाही. सगळा जाईन."

"खिडकीतला?"

"तोही. मेण लावून पाहतो, पण हमी नाही देत. मी पुन्हा रंगवून देतो ना तुमाले. फोटो द्या, सेम टु सेम काढतो."

"तुमी काढसान तो आबा कसा होईन?" शकुन म्हणाली.

शेखरने भिंग बाजूला ठेवलं. त्याने एका पसरट डब्यात रॉकेल ओतलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. "आता टाकलं तं संध्याकाळपर्यंत मोकळं होईन. नाही टाकलं तं यंदाचं विसरा. घाई नाही करत मी, पण सांगतो आपलं."

घाई नाही म्हणे. उद्या महालक्ष्म्या यायच्या, परवा जेवण. वयनीच्या माहेरचे लोक येणार. शकुन त्या डब्याकडे आणि खिडकीतल्या मुंडाशाकडे पाळीपाळीने पाहत बसली. बुडवलं तर आबा जातील. नाही बुडवलं तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर माहेर नाही. दोन्हीकडून तीच नागवली जाणार होती. एका क्षणी तिने मनाशी ठरवलंही. मेलेल्या माणसाच्या चित्रापायी जिवंत भाऊ गमवायचा का? तिने मान डोलावली. शेखरने इंजिन उचललं आणि डब्यावर धरलं.

"थांबा," ती म्हणाली.

तिने ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. मग पिशवीतून फोन काढला. बोटं चुकत होती. भावाला तिने आजवर स्वतःहून फोन केला तो फक्त मयत-मातीच्या वेळी.

"हां, बोल," तिकडून खुशालरावाचा आवाज आला. मागे बायांचं बोलणं होतं, भांडी वाजत होती.

"दादा, गाडी बंद पडली आहे. म्या खोटं सांगतलं तुले."

तिकडे भांडी वाजतच राहिली.

"आयकतोस ना?"

"दुरुस्त नाई होत का?" तो म्हणाला.

तेच. गाडीचंच विचारलं. शकुनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "होते," ती म्हणाली. "पन रंग जाते सगळा. खिडकीतले आबा पुसल्या जाते."

शेखर उगाच एक घड्याळ उघडून बसला होता आणि त्याचे कान इकडे होते. आता ठेवून द्यावा फोन, असं तिला वाटलं. पण इतकी वर्षं गिळलेलं एकदम तोंडाशी आलं होतं आणि ते काही मागे जाईना.

"मंग मले एक सांग. गाडी नाई आनली तं मी येऊ का नोको?"

तिकडचा भांड्यांचा आवाज कमी झाला. तो बहुधा अंगणात आला असावा.

"कोठी आहेस तू?"

"अकोल्याले. जुन्या बाजारात, शेखर घड्याळवाल्याकडं."

"तिथंच राह्य," खुशालराव म्हणाला आणि फोन बंद झाला.

ये म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. शकुनला काय समजावं ते कळेना. येऊन तो काय करणार होता? घरात पाहुणे यायचे, वयनीला शब्द दिलेला. येईल आणि दुकानदाराला सांगेल, टाका हो बुडवून, बायांचं काय ऐकता. आणि तो म्हणाला की ती गप्प बसेल, कारण त्याच्यासमोर ती नेहमी गप्पच बसत आली होती. तिने पदराखाली इंजिन घट्ट धरून ठेवलं. शेखरने चहा मागवला. तो निवला, साय धरली, तिने घेतला नाही. शेखरने दोनदा विचारलं, टाकू का? दोन्हीदा तिने नाही म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तर त्याच्यावर खेकसलीच.

खुशालराव आला तेव्हा उन्हं कलली होती. एसटीतून उतरून पायी आलेला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. थकला होता माणूस. वर्षातून एकदा गर्दीगोंधळात पाहत असल्यामुळे तो म्हातारा झाल्याचं तिला दिसलंच नव्हतं. तो बहिणीशी बोलला नाही. हात पुढे केला. तिने पदराखालून इंजिन काढलं, पण सोडलं नाही. मग त्याने खाली वाकून, चष्मा वर सारून, ते तिच्या हातातच पाहिलं. खिडकीतल्या आबांकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"काका, आता टाकलं तं रात्रीपर्यंत होईन अजून," शेखर म्हणाला.

खुशालराव स्टुलावर बसला. चष्मा काढून पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"तुही सही घेतली ना कचेरीत," तो खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवसापासून तुले 'ये' म्हनाले माहं तोंड नाई, शकुन. गाडी आन म्हनता येत होतं. गाडीची लाज नाई वाटत."

शकुन भावाकडे पाहत राहिली. दरवर्षीचं ते चार शब्दांचं बोलावणं, ते कुसळ, मूर्तिजापूरला नाकापर्यंत ओढलेला पदर, आणि हा माणूस तिकडे लाजून बसला होता म्हणे. तिला गहिवरून यायला हवं होतं. आलंही, पण त्याच्या आधी आला तो राग.

"मले गाडी पुरे, असं म्हटलं होतं म्या," ती म्हणाली.

"हो."

"पुरली नाई, दादा."

शेखरच्या हातातला स्क्रू खाली पडला. उचलायला तो वाकला नाही. खुशालरावाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच बहिणीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. ती वाट पाहत होती, आता हा उठून जाईल. जाऊ दे गेला तर, असंही तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"पुरनार कशी?" तो म्हणाला.

शेवटी शेखरने खाकरून विचारलं, "मग काका, काय करायचं याचं?"

"मले काय इचारता? तिची आहे, तिले इचारा."

शकुनने इंजिन टेबलावर ठेवलं. "तळ लावून द्या, भाऊ. आबाले राहू द्या."

"चालनार नाही मग ते."

"नोको चालू."

शेखरने रॉकेल पुन्हा बाटलीत ओतलं, तळाचा पत्रा बसवला, एकेक स्क्रू पिळला. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. मी केलंच काय, म्हणाला. शकुनने त्याला दटावून घ्यायला लावले. मग तिने गाडी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली.

"चाल," खुशालराव म्हणाला. "तुही वयनी वाट पाहून राहिली. महालक्ष्म्या होऊ दे. मंग वावराचं बसू एकदा. बोलू."

"बोलू," शकुन म्हणाली. "पन मी बोलीन. तू आयकजो."

असली बोलणी सणासुदीत निघतात आणि सण उलटला की विरून जातात, हे तिला ठाऊक होतं. पण राजापेठेतला तो आवाज पहिल्यांदाच भावासमोर निघाला होता, आणि तो खुशालरावालाही ऐकू आला असावा. त्याने मान डोलावली. वाकून पायांत चपला घातल्या, पेटी उचलली आणि तिच्या हातातली पिशवीही मागितली. तिने ती त्याला दिली.